मधली सोळा पानं

रविवार, १२ जानेवारी

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस, "तिला सांगाल तेव्हाच फोन करा अप्पा, तोवर नको." पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस. म्हणून पत्र लिहितो आहे.

तिला अजून सांगितलेलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत तू तेवढंच शोधत वाचणार नाहीस. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तुला कायम केलं, दोन खोल्या मिळाल्या, शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे, सगळं मला पाठ झालं आहे. जावई गेले आणि ठमीला माझ्यापाशी ठेवून तू कामाला गेलीस, तेव्हा "जागा झाली की नेईन" म्हणाली होतीस, तेही विसरलेलो नाही. तू स्वतः तिला सांगू शकली असतीस. पण "तुमच्या तोंडून कळू दे, नाहीतर जन्मभर म्हणाल, हिसकावून नेली," असं म्हणालीस. त्यावर मी फोनवर जे बोललो ते रागाचं होतं. परीक्षेच्या तोंडावर पोरीच्या कानावर असं काही घालू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. अजूनही आहे.

ठमी बरी आहे. जेवते वेळेवर. वेणी कापायची म्हणते, मी हो म्हटलेलं नाही. सायकल तेवढी सारखी बिघडते. मागच्याच वर्षी घेतलेली सायकल, आणि हिची साखळी येता-जाता उतरते. मग कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे न्यावी लागते. तिथे आता सायकलवाल्याचा भाचा बसतो. ठमीच्याच वर्गातला आहे. सहज लिहिलं.

माझं काम चालू आहे. वाचनालयाच्या बाई फाटकी पुस्तकं बांधायला पाठवतात. पूर्वी गठ्ठ्यात शब्दकोश असायचे, कायद्याचे जाडजूड ग्रंथ असायचे. आता निम्मा गठ्ठा पोरासोरांच्या प्रेमकथांचा. पातळ, मऊ पुठ्ठ्याच्या, आणि सगळ्यांचे कणे मोडलेले. मी बाईंना विचारलं, "पोरं ही पुस्तकं वाचतात की कुटतात?" त्या म्हणाल्या, "अप्पा, शब्दकोश फाटत नाही कारण त्याला कोणी मिठी मारून झोपत नाही."

असलंच एक पुस्तक ठमी परवा घेऊन आली. किती दिवस रांगेत होती म्हणे त्याच्यासाठी. अर्ध्यावर आली आणि कणा तिच्या हातातच सुटला. कव्हरवर बुटांचे दोन जोड आहेत, बाकी काही नाही. मला म्हणाली, "आजोबा, हे सगळ्यांच्या आधी करा."

"काय आहे गं एवढं त्यात?"

"एक मुलगी आहे. एक मुलगा आहे."

"आणि?"

"आणि बास."

"बास म्हणजे? खून, खजिना, राजवाडा?"

"तिच्या बहिणीचं लाँड्रीचं दुकान आहे. तो पाण्याचे जार पोहोचवतो. त्याच्या शर्टाला घामाचा वास येतो."

"असल्या पोराचं कोण वाचतं?"

"सगळे," म्हणाली, आणि दप्तर टाकून हात धुवायला गेली.

शेजारच्या शिवणवाल्या वहिनी दारातच होत्या. त्यांनी तोंडातली टाचणी काढून मला सांगितलं, "अप्पा, राजपुत्राची गोष्ट वाचली तर पोरगी राजपुत्राची वाट बघत बसते. तो काही आपल्या गल्लीत यायचा नाही, म्हणजे धोका नाही. जारवाला मात्र रोज दारात येतो."

तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नाही. पण तू काळजी करू नकोस. मी आहे इथे.

तुझे,
अप्पा


शुक्रवार, ३१ जानेवारी

चि. बेबीस आशीर्वाद.

तुझा संदेश मिळाला. "सांगितलंत?" एवढाच शब्द. मी चष्मा पुसून दोनदा बघितला, आणखी काही आहे का म्हणून.

नाही सांगितलं. कारण लिहितो, मग तूच ठरव.

ते पुस्तक मी वाचायला घेतलं. हसू नकोस. इतकी वर्षं पुस्तकं शिवली, वाचली कधी नाहीत. शिंप्याने गिऱ्हाइकाचे कपडे घालून फिरायचं नसतं, असं मला वाटायचं. शिवाय चौथीपर्यंतची शाळा माझी, ओळीखाली बोट धरल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पण पोरीच्या डोक्यात काय जातं आहे ते कळायला नको? ठमीला सांगितलं की पुस्तक शिकंज्यात दाबाला घातलं आहे, खळ वाळत नाही. "थंडी आहे," म्हटलं. ती शाळेत गेली की काढतो आणि ती यायच्या आधी परत फळ्यांमध्ये घालून स्क्रू आवळतो. माझ्या धंद्यात इतके दिवस दाबाखाली राहिलेलं हे पहिलंच पुस्तक.

बेबी, त्यात खरोखर काही घडत नाही. ती लाँड्रीवरची पोरगी इस्त्रीचे कपडे मोजते. जारवाला जिना चढून येतो, दम लागतो, पाणी मागतो. पाणी त्यानेच आणलेलं असतं. दोघं हसतात. मग तो जातो आणि ती दिवसभर विचार करते की आपण हसलो ते जास्त झालं का. चार पानं नुसतं तेच. मला वाटलं, लिहिणाऱ्याला दुसरं काही काम नाही का? आणि दिवा लावायची वेळ झाली तरी मी तिथेच. एकदा तो येतो म्हणून येत नाही, तेव्हा मी त्या पोरावर इतका चिडलो की खळीचं भांडं सांडलं.

ते मुका घेतात तेही एका पानावर आहे. ते पान मी भरकन उलटलं. नंतर परत जाऊन वाचलं, तपासायला म्हणून. दोघांची नाकं एकमेकांवर आपटतात आणि तिला शिंक येते. मला वाटलं होतं त्याहून बरं निघालं. म्हणूनच जास्त भीती वाटली. सिनेमातलं असतं तर पोरीला कळलं असतं की हे खोटं आहे.

बाईंना मी आडून विचारलं, ही पुस्तकं पोरं परत परत का नेतात. त्या म्हणाल्या, "परीकथेतला मुलगा वेळेवर येतो, अप्पा. ह्यातला उशिरा येतो, विसरतो, घाबरतो. पोरांना वाटतं, चला, आपणच तेवढे बावळट नाही."

काल मी सायकलच्या दुकानात गेलो. पोरगा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मला बघून उभा राहिला, ओले हात शर्टाला पुसले.

"साखळी उतरते म्हणे आमच्या ठमीची?"

"हो आजोबा. ढिली आहे."

"तू घट्ट का करत नाहीस?"

"केली होती."

"मग परत उतरते कशी? आपोआप की कोणी उतरवतं?"

त्याचे कान लाल झाले. म्हणाला, "नवीन टाकून देऊ का? पैसे नकोत." आता सांग, पैसे नकोत म्हणणारा दुकानदार तू कधी बघितला आहेस?

पोरगं दिसायला साधं आहे. दाढी नीट फुटलेली नाही. शर्टाला वास येतो, पण ऑइलचा.

अशा वेळी तिला "आई बोलावते आहे" म्हणून सांगितलं, तर ती इथून जायचं नाही म्हणून त्या पोराबरोबर भलतंच काही करून बसेल. हे मी माझ्यासाठी म्हणत नाही.

अप्पा


रविवार, १६ फेब्रुवारी

चि. बेबी,

तुझं उत्तर नाही. नसू दे.

सराव परीक्षेत ठमीला चांगले गुण पडले. वेणी कापून आली. मला न विचारता. मान कशी उघडी पडल्यासारखी दिसते. मी काही बोललो नाही, वहिनी बोलल्या. त्यांनी शिवणाची कात्री उचलून दाखवली, "माझ्याकडे यायचं होतंस, निदान सरळ कापली असती." दोघी हसल्या. मला हसू आलं नाही, कारण त्या लाँड्रीवरच्या पोरीनेही पुस्तकात केस कापले आहेत.

पुस्तकात मी बराच पुढे गेलो होतो. तिथे जारवाला तिला म्हणतो, मी हे गाव सोडतो आहे, तूही चल, बसस्टँडवर ये.  पुढचं जुज उघडलं. लहान असताना जुजातली पानं मोजायला मी तुला बसवायचो, एका घडीत सोळा, आठवतं का? पुढचं जुज उघडलं तर पहिल्याच पानावर ती पलंगाखालून पिशवी ओढते. दोन ड्रेस भरते. दात घासायचा ब्रश रुमालात गुंडाळते. तो ब्रश वाचला आणि मी पुस्तक मिटलं. पळून जाणारी माणसं सिनेमात दागिने घेतात. ब्रश घेणारी पोरगी खरंच जाते.

पुढे वाचवलं नाही.

पुस्तक शिवून ठमीला दिलं आहे. एक लहानशी दुरुस्ती करावी लागली. कामातली गोष्ट आहे, तुला सांगण्यासारखं त्यात काही नाही. कणा मात्र मी असा कापडी घातला आहे की दहा वर्षं हलणार नाही.

तिने मोठ्या आनंदाने घेतलं. म्हणाली, "आजोबा, तुमच्या हाताला सोन्याचं कडं घालायला पाहिजे." रात्री दिवा उशिरापर्यंत चालू होता. सकाळी उठून शाळेत गेली. काही बोलली नाही. मला वाटतं, अभ्यासाचा ताण असेल.

अप्पा


मंगळवार, ४ मार्च

बेबी,

हे पत्र पोस्टात टाकीन की नाही ते ठाऊक नाही. टाकलंच तर रागावशील, ते ठरलेलंच आहे.

वाचनालयाच्या बाई आज स्वतः दुकानात आल्या. गठ्ठा घ्यायला त्यांचा शिपाई येतो, त्या येत नाहीत. स्टुलावर बसल्या, चहा नको म्हणाल्या. मग पिशवीतून ते बुटांचं पुस्तक काढून मध्ये उघडून माझ्यासमोर धरलं. "वाचा," म्हणाल्या.

मी बोट धरून वाचलं. डावीकडच्या पानाच्या शेवटी जारवाला म्हणतो, "मी गुरुवारी थांबेन. तू आलीस तर". आणि उजवीकडचं पान सुरू होतं, "म्हणून दोघी पोट धरधरून हसल्या."

ते पुढचं जुज, म्हणजे पलंगाखालच्या पिशवीपासूनची सोळा पानं, मी काढून ठेवलं होतं. ही ती दुरुस्ती. आता तुला कळलं. उसवलेलं पुस्तक हातात होतं, एक घडी बाजूला ठेवली, पुढची तिच्या जागी टाकली, आणि सुई चालवली. सगळा खेळ दोन मिनिटांचा. मला वाटलं, पोरीने ते वाचलंच नाही तर ते तिच्या डोक्यात येणार नाही. पानांवरचे आकडे बघायची सवय बाइंडरला असते, वाचणाऱ्याला नसते, म्हणून कोणाला कळणार नाही असा माझा हिशोब. मी जन्मभर आकडे जुळवूनच शिवत आलो. वाचणारा वाक्य धरून चालतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मधली पायरी काढली तर माणूस पडणारच की.

बाई म्हणाल्या, "ठमीने पुस्तक परत केलं तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, पानं आधीपासूनच नव्हती, वाटेत कुठे पडली असतील. पण अप्पा, कणा सुटला तेव्हा ती आधी माझ्याकडेच आली होती, घडी न घडी मी बघून दिली होती."

मी म्हटलं, "केरात गेली असतील."

"तुमच्या दुकानात?" एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे बघायला लागल्या. आपल्या दुकानात कातरणसुद्धा पोत्यात वेगळी भरतात, त्यांना माहीत आहे. मग म्हणाल्या, "शोधा. पोरं रांगेत आहेत." आणि गेल्या.

पोत्याचं सोड. मला एकच गोष्ट खाते आहे. ठमीला पहिल्याच रात्री कळलं. दोन आठवडे होऊन गेले. आजोबांनीच केलं हे ओळखून ती बाईंशी खोटं बोलली, माझी अब्रू राखली, आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. माझ्यासमोर बसून जेवते. "पाणी देऊ का आजोबा?" म्हणते. मी तिच्या ताटाकडे बघतो, ती माझ्या. घरात दोन माणसं, आणि दोघांनाही सगळं माहीत.

ती पानं शिकंज्याच्या फळीखाली आहेत. बाई गेल्यावर मी ती काढली आणि दार लावून वाचली.

ती पोरगी पिशवी घेऊन बसस्टँडवर जाते. जारवाला उशिरा येतो. सॉरी म्हणत नाही, कारण त्याला रडू येत असतं. दोघं बाकावर बसून एक संत्रं सोलून खातात. ती म्हणते, "मला तू आवडतोस. पण आज मला कुठेही जायचं नाही." बस निघून जाते. तो वेगळ्या बसने जातो, एकटा. ती घरी येते, तर बहीण इस्त्री करत उभी. बहीण पिशवीकडे बघते. काही विचारत नाही. म्हणते, "तुझा शाळेचा शर्ट राहिलाय, दे इकडे."

आपल्या धंद्यात पानाच्या कोपऱ्यावरून कळतं की ते किती हातांखालून गेलं. मुक्याच्या पानाचा कोपरा मळलेला आहे, नाही असं नाही. पण त्या इस्त्रीच्या पानाचा कोपरा पार काळा पडून कापडासारखा मऊ झाला आहे.

जे वाचून पोरगी थांबली असती तेच मी काढून ठेवलं, बेबी. आता ती पानं तिला कोणत्या तोंडाने देऊ? रविवारी देईन म्हणतो. सुट्टी असते.

अप्पा


शुक्रवार, ७ मार्च

बेबी, आधी हे वाच. ठमी सुखरूप आहे, घरी आहे.

काल गुरुवार. दुपारी मी पुठ्ठे कापत होतो. वहिनी धावत आल्या, गळ्यात टेप तशीच. "अप्पा, तुमची ठमी सायकलवाल्याच्या भाच्याबरोबर! सायकलच्या कॅरिअरला बॅग बांधलेली, ही मागून धरून चाललीय. बसस्टँडकडे!"

"शाळेत असेल ती."

"मग शाळेचीच बस असेल!"

 मी शिकंज्याखालची पानं ओढून घेतली. का घेतली ते विचारू नकोस. तिच्या हातात ती दिली आणि तिने तिथेच उभ्याने वाचली तर कदाचित थांबेल, असं काहीतरी डोक्यात होतं. दुकान उघडं टाकून निघालो.  रस्त्याने एकच म्हणत होतो, ब्रश घेतला नसू दे, ब्रश घेतला नसू दे.

बसस्टँडवर शेवटच्या बाकावर दोघं बसली होती. मध्ये बॅग. संत्रं नव्हतं.

ठमीने मला बघितलं. आधी चेहऱ्याकडे, मग पायांकडे. "आजोबा, चपला दोन वेगळ्या घातल्यात."

"बॅग कोणाची?"

"त्याची."

पोरगा उभा राहिला. "आजोबा, बसा. पाणी देऊ?"

"तू गप्प बस. कुठे चाललास?"

"मोठ्या मामाकडे. त्यांच्या गॅरेजमध्ये काम आहे. परीक्षा तिथूनच देणार."

"आणि ही?"

"ही शाळेत," पोरगा म्हणाला. "मधली सुट्टी आहे. जीवशास्त्राच्या तासाच्या आत परत जायचंय तिला."

मी बसलो.  ठमीचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. पानं चुरगळली होती.

"तुमच्याकडेच होती ना," म्हणाली.

"मला वाटलं, तू वाचशील आणि जाशील."

"आजोबा, ती जातच नाही. अख्ख्या वर्गाला माहीत आहे."

"मग तुला आधीच माहीत होतं? मग रांगेत कशाला उभी होतीस?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली, जसं मीच शाळेतलं पोर आहे. म्हणाली, "जात नाही ते माहीत होतं. कशी नाही जात, ते वाचायचं होतं."

बस आली. पोरगा बॅग घेऊन चढला. खिडकीतून म्हणाला, "साखळी बसवलीय, आता नाही उतरणार." ठमी म्हणाली, "बरं." एवढंच. बस वळली तशी ती रडली. मी मान दुसरीकडे केली, खिशात रुमाल शोधला, तर निघाली सुतळी. तीच घेऊन तिने डोळे पुसल्याचं नाटक केलं, हसली, परत रडली.

मग पानं मांडीवर ठेवून हाताने सरळ करायला लागली. सरळ करता करता, वर न बघता विचारलं, "अजून काय काय काढून ठेवलंय तुम्ही?"

बेबी, मी म्हणू शकलो असतो, काही नाही. तोंडापर्यंत आलं होतं.

मी सांगितलं. दोन खोल्या, कायमची नोकरी, जवळची शाळा, सगळं. तू नवीन वर्षाला फोन केला होतास तेही. फोनवर मी तुला "तू आई कसली" म्हणालो होतो, तेसुद्धा. ते तुला पत्रात मी आजवर लिहिलं नव्हतं. तुला ते माहीतच होतं, पण मला ते कागदावर बघायचं नव्हतं.

"आई दर रविवारी फोन करते. ती का नाही बोलली?"

"मी सांगावं, असं तिचं म्हणणं होतं."

"आणि तुम्ही?"

"मला वाटलं, सांगितलं की तू जाशील."

 बाजूला एक माणूस पेपर वाचत होता, त्याने पान उलटणं थांबवलं होतं. मग ती उठली, सायकलचं स्टँड काढलं. "तासाला उशीर होतोय," म्हणाली. पुढे ती, मागे मी. शाळेच्या फाटकाशी एकदा वळून बघितलं, मी नीट पोहोचतो आहे की नाही ते. हात केला नाही.

संध्याकाळी वहिनींकडे जेवली. आजही तिथेच जेवणार म्हणते. तुला काल संदेश पाठवला आहे, "सांगितलं." तुझ्या एका शब्दाला माझा एक.

अप्पा


शनिवार, १५ मार्च

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. इतक्या वर्षांत तुझं अक्षर बदललेलं नाही. तू जे लिहिलं आहेस ते मी वाचलं आणि घडी घालून ठेवलं.  तुझं बरोबर आहे.

पोरगी चार दिवस वहिनींकडे जेवली. वहिनी मला ऐकू जाईल अशा आवाजात तिला वाढत होत्या, "घे गं, आमच्याकडे सगळं ताटात असतं, काढून ठेवलेलं काही नसतं." पाचव्या दिवशी ठमी ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. "त्यांची बडबड ऐकवत नाही," म्हणाली. मी मीठ पुढे केलं. तिने घेतलं.

बाईंना मी खरं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं, नाही हसल्या. म्हणाल्या, यापुढे प्रत्येक पुस्तकाची पानं त्यांच्यासमोर तपासून द्यायची. ह्या वयात मला हे ऐकावं लागलं. ऐकलं.

पुस्तक परत उसवलं. कापडी कणा दहा वर्षं टिकेल म्हणालो होतो, महिन्याभरात मलाच कापावा लागला. ठमी टेबलापाशी बसली होती. चुरगळलेलं जुज तिने गरम इस्त्रीखाली सरळ केलं, शिवण्याआधी एकदा सगळं वाचलं, मग माझ्या हातात दिलं. मी शिवेपर्यंत तिने हातावरची नजर काढली नाही. पूर्वी सोन्याचं कडं घालणार होती त्याच हातावर.

शेवटची दोन जुजं मी अजून वाचलेली नाहीत. ती म्हणाली, "शेवट सांगू का, आजोबा?" बेबी, तू मला ओळखतेस. पिठाचा डबा भरलेला असला तरी दोनदा उघडून बघणारा माणूस मी. मी म्हटलं, "नको. माझं मी वाचीन."

परीक्षा संपल्यावरच्या रविवारी ती तुला फोन करून काय ते सांगणार आहे. तोवर रविवारी फक्त अभ्यासाचं बोलायचं, असा तिचा निरोप आहे, तूही विचारू नकोस म्हणते. रोज संध्याकाळी ती टेबलाखाली पाय सोडून बसते आणि मी खळ ढवळत राहतो. प्रश्न जिभेच्या टोकावर असतो. ती मधूनच वर बघते, विचारतो आहे का म्हणून. मी म्हणतो, "शाळेचा शर्ट मळलाय तुझा, दे इकडे." ती हसते, कारण ते कुठलं आहे ते तिला माहीत आहे.

तिने काय ठरवलं आहे ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

तुझे,
अप्पा

ता. क. तुझ्या त्या दुसऱ्या खोलीत पलंगाच्या डाव्या बाजूला दिवा लावायची सोय आहे का? नसेल तर करून घे. ती डाव्या कुशीवर वाचते.